ज्याला औषध म्हणतात

दिवाळीच्या सुमारास आमच्या विदर्भात कापसाची बोंडे फुटतात. सीतादही करून वेचणीला हात लागतो आणि घरोघर नव्या कापसाच्या वाती वळल्या जातात. अशा मंगल दिवसांत विषाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण ती गोष्ट याच कापसाची आहे.

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व मद्रास राज्यांत अन्नातून विषबाधा होऊन शंभरावर माणसे दगावली. खाण्याचे जिन्नस आणि ‘फोलिडॉल’ नावाचे कीटकनाशक एकाच जहाजातून आले होते. विष गळाले आणि पिठात उतरले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शहा यांचा आयोग नेमला गेला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. १९७१ साली त्याचे नियम आले. कीटकनाशकाची नोंदणी आणि विक्रेत्याला परवाना आवश्यक झाला. डब्यावर तांबडा, पिवळा, निळा, हिरवा अशा रंगखुणा आल्या. तांबडी खूण सर्वांत जहाल विषाची.

कायदा चांगलाच होता. पण तो खाणाऱ्यांच्या मरणातून जन्मला होता. फवारणाऱ्याकडे त्याचे लक्ष थोडेच गेले. अंगावर संरक्षक कपडे असावेत, असे नियम सांगतात खरे. पण कायद्याच्या ३८ व्या कलमात म्हटले आहे की, स्वतःच्या वहितीतील जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले, तर त्याला हा कायदा लागू नाही. कास्तकाराला सरकारी जाच नको, एवढाच हेतू असेल. परिणाम मात्र असा झाला की, कायदा दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत आला आणि धुऱ्यावर थबकला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात याची किंमत कळली. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विष तोंडावर, अंगावर आले. वीसाहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यांत पडले. हा प्रश्न आमच्या नागपूरच्या खंडपीठापुढेही आला. सरकारने काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली.

त्या वर्षी मी वर्गात फळ्यावर चार रंगांच्या खुणा काढून त्यांचा अर्थ सांगत होतो. मजुराचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, माह्या बाले त भरलेलाच पंप देतेत. डबा कोण दाखवते?”

मी खडू खाली ठेवला. त्या पोराने एका वाक्यात ३८ व्या कलमाची उणीव सांगितली होती.

जुन्या कायद्याच्या जागी नवा आणावा म्हणून २००८ साली आणि पुन्हा २०२० साली राज्यसभेत विधेयके मांडली गेली. कलमे कितीही असोत, माझी कसोटी एकच आहे: पंप पाठीवर घेणाऱ्या माणसापर्यंत कायदा पोचतो का? त्याला हातमोजे व मुखवटा देण्याची जबाबदारी कोणाची, आणि तो गेल्यास त्याच्या घराला कोणी सावरायचे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

एक सुधारणा मात्र आपल्यालाही करता येईल. या विषाला आपण सारेच ‘औषध’ म्हणतो. निदान मुलांसमोर तरी त्याला विषच म्हणू या.