चोळ्याचे वीजघर आणि त्याची वस्ती

आपल्या यवतमाळचा कापूस मूर्तिजापुरास नेणारी अरुंद मापाची गाडी जी. आय. पी. रेल्वे चालवीत असे. पुढे तो थळघाट उतरून मुंबईस जाई. या घाटात ३७ फुटांस एक फूट असा चढ. वाफेच्या इंजिनांचा तेथे दम निघे. म्हणून कंपनीने विजेची कास धरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी धावली आणि १९२९ साली कल्याणजवळ ठाकुर्लीस चोळ्याचे कोळशावरील वीजघर सुरू झाले.

वीजघर रात्रंदिवस चालते. पाळीवरचा माणूस हाकेच्या अंतरावर हवा. म्हणून भोवती रेल्वेची वस्ती वसली. तेथल्या ‘बावन चाळी’चे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. परंतु ती घरे कामगारांची नव्हती, नोकरीची होती. याचा अर्थ मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात कळला. वीस दिवसांच्या त्या संपात ठिकठिकाणी संपकऱ्यांची बिऱ्हाडे क्वार्टरांतून बाहेर काढली गेली.

१९८० नंतरच्या दशकात चोळ्याची भट्टी विझली. त्याबरोबर वस्तीचे प्रयोजनही सरले.

यंत्राची शक्ती कागदोपत्री राहते. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याचा उंबरठा मात्र कोठे नोंदला जात नाही. मागण्यांची यादी करताना आम्ही संघटनेची माणसे पगार आधी लिहितो, निवारा शेवटी. चोळ्याची वस्ती आम्हांला सांगते : हा क्रम बदला.