पडलेली घरं मोजली, गरज मोजली का?

(पिंगळी, जि. परभणी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

२०२४ सालच्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ते आपल्या परभणी जिल्ह्यातही जाणवले. मराठवाड्यात जमीन हलली की आठवण निघते ती किल्लारीची. आज आपण त्या भूकंपाच्या शास्त्रात शिरणार नाही. भूकंपानंतर कोणाला किती आणि कसला निवारा लागतो, हे कसं ठरवलं गेलं, तेवढाच इतिहास पाहणार आहोत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूरच्या औसा आणि उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, उमरगा तालुक्यातली गावं काही सेकंदांत कोसळली. तीव्रता होती ६.२. सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली. एवढ्या तीव्रतेला एवढी माणसं का गेली? कारण घरं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद. उन्हापावसासाठी दर काही वर्षांनी माळवदावर मातीचा नवा थर चढायचा, आणि छताचं ओझं वाढत जायचं.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्या घरांचं छत लाकडी खांब आणि तुळयांवर पेललेलं होतं, त्यांतल्या कित्येकांचा सांगाडा उभा राहिला, भिंती तेवढ्या पडल्या. दोष होता दगड रचण्याच्या पद्धतीत. भिंतीच्या आतबाहेरच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते. लोकांच्या मनात मात्र बसलं ते एवढंच, की दगडाने मारलं. पुढच्या बऱ्याच निर्णयांमागे ही भीती होती.

पहिली गरज होती डोक्यावर छप्पर. भूकंपानंतर लगेच पाऊस लागला होता. पत्र्याची शेडं उभी राहिली, काही महिन्यांची सोय म्हणून. प्रत्यक्षात लोक त्यात दोन-तीन वर्षं, काही ठिकाणी त्याहून जास्त राहिले. मराठवाड्याचा मे महिना आणि पत्र्याखालचं बाळंतपण, याची कल्पना आपल्याला सांगायला नको. तात्पुरतं म्हणजे नेमकं किती दिवस, हा प्रश्न पहिल्या पाहणीतच विचारायला हवा, तो इथून शिकायचा.

मग जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम आला. गावांचे तीन वर्ग पाडले. अ वर्गात ५२ गावं. ती नव्या जागी हलवायची. ब वर्गात २२ गावं. तिथे आहे त्याच जागी बांधायचं. क वर्गात १३ जिल्ह्यांतली सुमारे अडीच हजार गावं. तिथली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची.

अ वर्गात घर किती मोठं द्यायचं? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त असलेल्याला ७५०. म्हणजे माप माणसांचं नाही, जमिनीचं धरलं. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं दहा, अशा घराला २५०च. यामागचा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. शेतकऱ्याला बैल, कडबा, धान्य, अवजारं ठेवायला जागा लागतेच. पण मजुराकडेही शेळ्या असतात, सरपण असतं, लग्नाला आलेली मुलगी असते. ते या मापात कुठेच बसलं नाही.

क वर्गाची गोष्ट याहून बोलकी. दुरुस्तीसाठी घरटी १७ हजार रुपये होते. तज्ज्ञांचं म्हणणं, जुनी भिंत आरपार दगड घालून बांधून घ्या, माळवदाची माती कमी करा. बहुतेकांनी काय केलं? त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुनं घर तसंच राहिलं. कागदावर काम पूर्ण झालं, खर्च झाला. लोक अडाणी होते म्हणून हे झालं का? नाही. त्यांना रात्री निर्धास्त झोप हवी होती, आणि दगडाच्या भिंतीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. ही गरज पाहणीच्या रकान्यात नव्हती.

याच काळात एक चांगलं कामही झालं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. कोणाला काय मिळायचं आहे, बांधकाम कसं हवं, हे त्या घरोघर सांगत, आणि काम कुठे अडलं ते इंजिनिअरपर्यंत नेत. देखरेख म्हणजे साहेबाची जीप आली आणि गेली, एवढंच नव्हे, हे या बायकांनी दाखवून दिलं.

जगातही हाच विचार पुढे येत होता. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती मदत कार्यालयाने १९८२ सालीच निवाऱ्यावरच्या मार्गदर्शिकेत सांगितलं होतं, की आपत्तीत वाचलेली माणसं स्वतःच मोठं साधन असतात. पुढे ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनी माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा सांगितली. पाच माणसांच्या घराला हिशोब करा, सुमारे १९० चौरस फूट भरतात. या मापाने आपलं २५० फुटांचं घर उत्तीर्ण होतं! म्हणून नुसत्या आकड्यावर थांबता येत नाही.

वास्तुवारशाचे अभ्यासक रोहित जिज्ञासू यांनी नंतरच्या काळात या भागातल्या पुनर्वसनाचा अभ्यास केला. नवी गावं सरळ रेषेत, ऐसपैस पसरलेली. गल्ली, पार, ओसरी, वाड्याचा चौक, हे तुटलं. शेत लांब पडलं. २००१च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये मात्र बांधकाम मोठ्या प्रमाणात घरमालकाच्या हाती दिलं गेलं, तपासणी करून हप्त्याहप्त्याने पैसे देत. किल्लारीचा अनुभव तिथे कामी आला.

आता आपल्याकडचं बोलू. आपत्तीनंतर ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) पंचनामा करतात. त्यात पडझड लिहिली जाते आणि घर ज्याच्या नावावर, त्याचं नाव येतं. भाडेकरू, वेगळी चूल मांडलेला धाकटा भाऊ, नाव न लागलेली विधवा ही माणसं सुटतात. म्हणून ग्रामसभेने आजच एक यादी करून ठेवावी: कोणत्या छताखाली किती माणसं झोपतात, त्यांत म्हातारी, अपंग, गरोदर किती, जनावरं किती, माळवदी घरं किती. आपत्ती आलीच तर पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षाने तीच यादी पुन्हा वाचावी. गरज बदलत जाते, पंचनामा मात्र पहिल्या दिवसावरच थांबतो.

किती घरं बांधली हे सरकार सांगेल. त्या घरात पाचव्या वर्षी कोण राहतं, हे आपणच जाऊन पाहायचं असतं. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.