शेवटच्या डब्यांतले पाहुणे



आगगाडीच्या अगदीं शेवटीं एखादे वेळीं निराळाच डबा जोडलेला आपण पाहिला असेल. खिडक्यांना पडदे, दाराशीं पट्टेवाला, आंत चहाच्या किटलीची वाफ. आपण त्याला सलून म्हणतों. आणि बहुतेकांचा त्याच्याशीं संबंध येतो तो फलाटावर उभें राहून आंत डोकावण्यापुरताच. अमेरिकेंत मात्र असे डबे केवळ अधिकाऱ्यांचे नव्हते. ज्याच्यापाशीं पैसा, तो आपला डबा बांधून घेई किंवा भाड्यानें आणी, दहापांच स्नेही जमवी, आणि हा फिरता वाडा नेहमींच्या गाडीला जोडून हजारों मैल हिंडून येई. अशा डब्यांत पाहुण्यानें कसें वागावें याविषयीं तिकडे पुष्कळ नियम झाले. ते मोठ्या लोकांचे चोचले असावेत असें मलाही प्रथम वाटलें होतें. इतिहास वाचतां वाचतां मत बदललें, तें कसें तें आज सांगतों.

पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजीं पुरा झाला. त्यानंतर वर्षभरानें, १८७० च्या मे महिन्यांत, बोस्टन शहराच्या व्यापारी मंडळानें आपल्या सभासदांसाठीं व त्यांच्या कुटुंबीयांसाठीं एक संबंध गाडीच ठरविली. ती जॉर्ज पुलमन यांच्या कारखान्याची होती. आठ डबे, त्यांत भोजनाची सोय, पुस्तकांचीं कपाटें, वाजविण्यास ऑर्गन, आणि एक छोटेखानी छापखानासुद्धां! गाडी चालू असतांनाच ‘ट्रान्स-काँटिनेंटल’ नांवाचें वर्तमानपत्र छापून निघे. हलत्या डब्यांत खिळे जुळविणाऱ्या त्या कारागिराची मला मोठी कींव येते. बसल्या जागीं शाईची दौत सांडणारीं मुलें मीं पस्तीस वर्षें पाहिलीं आहेत. चालत्या गाडींत काय होत असेल? मंडळी सुमारें आठ दिवसांत पॅसिफिक महासागराच्या कांठीं, सॅन फ्रान्सिस्को येथें पोंचली.

हें वैभव खरें. पण त्या काळच्या डब्याची रचना ध्यानांत घ्या. डबा लांकडाचा. ऊब यावी म्हणून आंत कोळशाची शेगडी आणि उजेडासाठीं तेलाचे दिवे. एका डब्यांतून दुसऱ्यांत जाणें तर उघड्या सज्जावरून. खालीं रूळ धांवताहेत, वर इंजिनाचा धूर आणि ठिणग्या, आणि मध्यें सांध्यावर टाकावयाचें एक पाऊल. लहानपणीं खिडकीबाहेर डोकें काढून मीं कोळशाचा एक कण डोळ्यांत घेतला होता. वडिलांनीं तो रुमालाच्या टोंकानें काढला आणि मग कानही उपटला. दोहोंचीही आठवण ताजी आहे. मग उघड्या सज्जावर उभें राहणाऱ्याचें काय होत असेल तें सांगावयास नको. शेगडीची गोष्ट याहून भयंकर. १८ डिसेंबर १८६७ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील अँगोला या गांवाजवळ गाडीचे मागचे डबे रुळावरून घसरून खालीं कोसळले, पेटल्या शेगड्या उलथल्या, आणि सुमारें पन्नास माणसें गेलीं. पुढें तेलसम्राट म्हणून प्रसिद्ध झालेले रॉकफेलर त्याच गाडीनें जावयाचे होते. स्टेशनावर येण्यास उशीर झाला म्हणून वांचले. वेळेवर यावें असें मुलांना जन्मभर सांगणाऱ्या माणसाला ही गोष्ट थोडी अडचणीचीच आहे.

पण मला विस्तारानें सांगावयाची ती दुसरीच हकीकत.

वेब्स्टर वॅग्नर हे न्यूयॉर्क राज्याच्या सीनेटचे सभासद आणि पुलमनचे मोठे प्रतिस्पर्धी. निजावयाचे आणि दिवाणखान्यासारखे डबे बांधण्याचा त्यांचा व्यवसाय होता, आणि व्हँडरबिल्ट घराण्याच्या रेल्वेवर त्यांचेच डबे चालत. १३ जानेवारी १८८२ च्या संध्याकाळीं आल्बनी या राजधानींतून एक गाडी न्यूयॉर्ककडे निघाली. आठवड्याचें कामकाज आटोपून घरीं परतणारे कायदेमंडळाचे सभासद तींत बसले होते. मंडळी मोठ्या रंगांत होती. मद्याचे पेलेही फिरत होते असें मागाहून बोललें गेलें. शहर जवळ आलें असतां, स्पायटन डायव्हिल नांवाच्या जागीं, डोंगर कापून केलेल्या वळणावर गाडी एकाएकीं थांबली. इंजिन धड, रूळ धड. पण ब्रेक मात्र चाकांना घट्ट बसलेले.

याचें कारण समजण्यास वेस्टिंगहाऊस यांच्या ब्रेकची युक्ति ठाऊक पाहिजे. संबंध गाडीच्या खालून एक नळी जाते व तींत हवा दाबून भरलेली असते. ती हवा कोंडलेली आहे तोंवर चाकें मोकळीं. नळी फुटली, डबा तुटला, किंवा कोणीं आंतली दोरी ओढून हवा सोडली, कीं सगळ्या डब्यांचे ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर गाडी धांवण्याऐवजीं थांबावी, हा त्यांतला मोठा गुण. परंतु त्याच गुणामुळें गाडी थांबविण्याची सत्ता प्रत्येक उतारूच्या हातीं आली. त्या रात्रीं ती दोरी कोणीं ओढली याचा पत्ता कधींच लागला नाहीं. कोणा सभासदानें थट्टेनें ओढली, असाच लोकांचा समज झाला.

गाडी वाटेंत थांबली कीं ब्रेकमननें तांबडा कंदील घेऊन मागें पुष्कळ दूर जावयाचें व मागून येणाऱ्या गाडीला थांबवावयाचें, असा नियम होता. तो माणूस गेला. पण पुरेसा दूर गेला नाहीं. वळणापलीकडून एक स्थानिक गाडी आली व शेवटच्या डब्यांत घुसली. शेगड्या आणि दिवे उलटून लांकूड पेटलें. लोकांनीं हातांनीं बर्फ उचलून ज्वाळांवर टाकला. आठ माणसें मेलीं, आणि त्यांत, आपणच बांधविलेल्या डब्यांच्या चुराड्यांत सांपडून, खुद्द वॅग्नर गेले.

दोषाचें खापर मुख्यतः त्या ब्रेकमनच्या माथीं फुटलें. तो चुकला यांत शंका नाहीं. पण ज्या हातानें दोरी ओढली तो हात नीटनेटक्या कफांत झांकलेला राहिला, याचें मला आजही वाईट वाटतें. आपल्याकडे साखळीजवळ दंडाची पाटी लावतात. ती वाचतांना मला स्पायटन डायव्हिलची आठवण होते.

यानंतरच्या सुधारणा थोडक्यांत सांगतों. १८८७ सालीं पुलमनच्या कारखान्यानें दोन डब्यांमधली वाट चोहोंकडून बंदिस्त केली. १८९३ च्या कायद्यानें हवेचे ब्रेक व आपोआप जुळणारे सांधे सक्तीचे झाले. त्यापूर्वीं दांडा व खुंटी हातानें जुळवितांना कामगारांचीं बोटें तुटत, तें बंद होऊं लागलें. १९०७ पासून पुलमनचे पोलादी डबे निघूं लागले. शेवटच्या डब्याचा सज्जा मात्र उघडाच राहिला, कारण तेथें उभें राहून मागें पळणारा मुलूख पाहणें हीच त्या प्रवासाची गोडी.

डब्यांतील नोकरांशीं वागण्याचीही एक रीति होती, आणि ती चांगली नव्हती. पुलमनच्या डब्यांतले पोर्टर बहुतेक कृष्णवर्णी. आरंभींचे कित्येक तर नुकतेच गुलामगिरींतून सुटलेले. उतारू त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हांक मारीत, कारण मालकाचें नांव जॉर्ज! याविरुद्ध १९१४ सालीं एक संस्था निघाली, पण ती काढली ती जॉर्ज नांवाच्या एका लांकडाच्या व्यापाऱ्यानें, थोडी गंमत म्हणून. पोर्टरांनीं स्वतःचा संघ १९२५ सालीं स्थापिला. ए. फिलिप रँडॉल्फ त्याचे पुढारी होते, आणि बारा वर्षें झगडून १९३७ सालीं त्यांनीं कंपनीशीं करार करून घेतला. रात्रीं शिडी लावून देणारा, उतरतांना हात धरणारा, पायरी मांडणारा तो माणूस; त्याचें खरें नांव विचारण्यास लोकांना इतकीं वर्षें लागलीं.

मागच्या सज्जाची खरी परीक्षा १९४८ च्या निवडणुकींत झाली. अध्यक्ष ट्रूमन हे ‘फर्डिनंड मॅगेलन’ नांवाच्या चिलखती डब्यांतून देशभर फिरत व सज्जावरून गांवोगांवीं भाषणें करीत. हा डबा १९४२ सालीं रूझवेल्ट यांच्यासाठीं पोलादी पत्रे आणि जाड कांचा घालून सज्ज केला होता. रूझवेल्ट यांना संथ गति आवडे. ट्रूमन यांना वेगाची हौस. त्यांचे प्रतिस्पर्धी ड्यूई हेही असेच गाडींतून फिरत होते. ऑक्टोबरांत इलिनॉय राज्यांतील बोकू या गांवीं ते सज्जावर उभे असतां गाडी एकाएकीं कांहीं फूट मागें सरकली. मागें रुळांवर माणसांची दाटी! सुदैवानें कोणाला इजा झाली नाहीं. पण ड्यूई संतापून, सर्वांच्या समोर, ड्रायव्हर वेडा आहे व त्याला गोळ्याच घातल्या पाहिजेत, अशा अर्थाचें बोलून गेले. हे शब्द कामगारांच्या तोंडीं देशभर झाले, आणि ट्रूमन यांच्या पक्षानें त्यांचा पुरेपूर उपयोग केला. नोव्हेंबरांत ड्यूई हरले. हरण्याचीं कारणें अनेक होतीं. पण ज्याच्या हातीं आपला व खालच्या गर्दीचा जीव आहे त्याच्याशीं कसें बोलावें, हें त्या सुशिक्षित गृहस्थांना त्या क्षणीं सुचलें नाहीं, एवढें खरें.

अमेरिकेंत उतारूंच्या गाड्या १९७१ पासून ‘ॲमट्रॅक’ या संस्थेकडे आल्या. हौशी मालकांचे जुने डबे आजही तिच्या गाड्यांना जोडले जातात, मात्र २०१८ पासून त्यावर बरींच बंधनें आलीं आहेत. डब्याची तपासणी काटेकोर असते. पाहुण्यांना निघण्यापूर्वींच सांगतात, कीं सज्जाचें फाटक उघडूं नये, कठड्याबाहेर वांकूं नये, पाय झांकणारे जोडे घालावेत, चालतांना एक हात कठड्यावर ठेवावा, आणि गाडी थांबली तरी सांगितल्याशिवाय खडीवर उतरूं नये.

रूझवेल्ट व ट्रूमन यांचा तो डबा आतां फ्लॉरिडांतील मायामी येथील रेल्वे-संग्रहालयांत आहे. त्याचा मागचा सज्जा जसाच्या तसा ठेवला आहे, आणि कठडाही.