मोटार जळायच्या आधी बोलते

आमच्या मानपाड्याला आज कोणी शेतीचं गाव म्हणणार नाही. डोंबिवलीहून येणारा मानपाडा रस्ता दोन्ही अंगांनी दुकानांनी भरला आहे आणि भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिलेत. जमिनी कशा गेल्या, त्याचा इतिहास सगळे सांगतात. पण वीज आल्यावर तिचं दुखणं ओळखायला आमची माणसं कशी शिकली, ते कुठं लिहिलेलं नाय. म्हणून मला जमेल तसं लिहितो.

सुरुवात ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसपासून करावी लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली. पुढं १९२९ साली पुण्यापर्यंत विजेची गाडी जायला लागली. त्यासाठी जी. आय. पी. रेल्वेनं कोळशावर चालणारं हे पॉवर हाऊस उभारलं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना विजेचं मोठं यंत्र पहिल्यांदा ठाऊक झालं ते याचमुळं. पण ती वीज गाड्यांसाठी. आमच्या शिवेजवळ वीज तयार होत होती आणि आमच्या घरात मात्र चिमणी जळत होती. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं, त्यानंतर हळूहळू गावोगाव खांब आले.

पॉवर हाऊसचं जनित्र म्हणजे काय, तर तांब्याच्या गुंडाळ्यांमध्ये फिरणारं चुंबक. आतली एखादी गुंडाळी फुटली तर ते बाहेरून दिसत नाही. मग कळायचं कसं? १९०४ साली इंग्लंडात मर्झ आणि प्राइस या दोघांनी त्यावर उपाय काढला. गुंडाळीच्या एका टोकाला जेवढा प्रवाह आहे, तेवढाच दुसऱ्या टोकाला आहे का, हे सतत मोजायचं. फरक पडला की यंत्र आपोआप बंद. शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. खाचरात वरून पाणी शिरतंय तेवढं खालच्या मोरीतून निघत नसेल, तर मधे बांधाला कुठंतरी खेकड्यानं बीळ पाडलंय. आज घराच्या बोर्डात झटका लागताच वीज तोडणारा जो स्विच असतो, तो याच तत्त्वावर चालतो.

दुसरं हत्यार मेगर. एव्हरशेड नावाच्या इंग्रजानं १८८९ च्या सुमारास ते बनवलं. जुन्या पेटीला हँडल असायचं. ते फिरवलं की आत ५०० व्होल्ट तयार होत आणि काटा तांब्यावरचं वेष्टण किती मजबूत आहे ते दाखवी. काटा एक मेगओमच्या खाली राहिला तर मोटार चालू करायची नाही, असा साधा नियम. आमच्या कोकणपट्टीत पावसाळाभर बंद पडलेली मोटार ओल धरते. मिस्त्री ती उघडून आत १०० वॅटचा दिवा रात्रभर पेटता ठेवायचे आणि सकाळी पुन्हा मेगर लावायचे. काटा वर आला म्हणजे मोटार वाचली.

१९६० च्या दशकात डोंबिवलीत एमआयडीसी आली. कारखान्यांत मोटारी, म्हणून आसपास वाइंडिंगची दुकानं आली. गावची पोरं कुणी आयटीआय करून, कुणी नुसती हाताखाली राहून शिकली. मी दहावीनंतर शेतातच राहिलो, पण विहिरीवरच्या मोटारीमुळं या दुकानांत बसणं व्हायचं. आगरी बोलणारे एक म्हातारे मिस्त्री होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते म्हणायचे, "अरं पोरा, मोटार जलाच्या आधी बोलते. आपून आयकत नाय."

ते खरं होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या झाकणावर आणि मूठ कानाला लावली, की खरखर ऐकू येते. व्हार्निश करपल्याचा वास येतो. अँपिअरचा काटा संथ मागंपुढं झुलत असेल, तर रोटरची पट्टी तुटली असायची शक्यता धरायची. आर्मेचरवर ग्राउलर लावून वर हॅकसॉचं पातं धरलं, की शॉर्ट झालेल्या खाचेवर पातं थरथरतं.

सगळ्यात जास्त मोटारी जळत त्या एक फेज गेल्यामुळं. उभी मोटार मग सुरूच होत नाही, नुसती घूं घूं करते. चालती मोटार चालत राहते, पण उरलेल्या तारांत पावणेदोन पटीच्या आसपास प्रवाह चढतो आणि थोड्या वेळात धूर. हे रोखायला स्टार्टरात ओव्हरलोड असतो. पण तो सारखा तोडतो म्हणून गावोगाव लोक तो बांधून ठेवत आणि फ्यूजला जाड तार घालत. मोटार जळाली की भाजीचा मळा करपतो, तो तोटा भरून येतो. पण वेष्टण फुटून वीज मोटारीच्या अंगावर आली आणि अर्थिंग नसलं, तर पहाटे ओल्या पायानं विहिरीवर गेलेला माणूस परत येत नाही. अशा बातम्या मी आयुष्यभर ऐकत आलो.

चोळे पॉवर हाऊस १९८० च्या दशकात बंद पडलं. आता मोठ्या यंत्रांना कंप मोजणारे सेन्सर बसवतात आणि प्रवाहाची लहर संगणक तपासतो. काम तेच आहे, कान मात्र यंत्राचा. आमच्या खाचरांवरच्या टॉवरांच्या तळघरातही पाण्याचे पंप आहेत आणि वर लिफ्टच्या मोटारी आहेत. तिथल्या बऱ्याच जणांना फक्त बटण माहीत असतं.

म्हणून सांगतो, शेतावर असो नाहीतर सोसायटीत, पाऊस पडायच्या आधी जाणत्या माणसाकडून मेगर लावून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. ओव्हरलोड तोडतोय म्हणून त्याला बांधू नका. तो का तोडतोय ते शोधा.