निवविण्याची विद्या

माणशी एक पैसा मागत अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड जमविला व ज्याला लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभले, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला; आणि जपान व अमेरिका येथे ही विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे जे विद्यार्थी तयार झाले, त्यांना काच वितळविण्याहून ती निवविण्यानेच अधिक छळले असावे, असे मला वाटते.

कारण वाळू, सोडा आणि चुना यांचा रस निवताना पाण्याप्रमाणे एका ठरावीक अंशावर गोठत नाही. तो मधासारखा, मग लाखेसारखा घट्ट होत जातो आणि मोजणीदार अर्ध्यावर निघून गेलेल्या गावातील शेतांप्रमाणे त्याचे कण, हद्दी न आखताच, जेथल्या तेथे खिळून राहतात. फुंकून काढलेले भांडे उघड्या हवेत ठेवले, तर त्याचे अंग आधी आवळते, गाभा मागाहून आवळू पाहतो, आणि या ओढाताणीची बाकी काचेच्या पोटात कायमची राहते; मग आठ दिवसांनी, कोणी बोटही न लावता, चिमणी फडताळात तडकते व खापर मात्र मोलकरणीवर फुटते! यावर उपाय एकच: भांडे सुमारे ५५० अंश सेंटिग्रेडवर काही काळ राखून, मग सावकाश निववावे, म्हणजे कणांना किंचित सरकून तो ताण उतरविण्याची सवड मिळते.

हाच दोष कोणी मुद्दाम जोपासला, तर तो गुण ठरतो. काचेचा तप्त थेंब पाण्यात टाकला की त्याचे डोके हातोडीला दाद देत नाही, पण शेपूट मोडताच सगळ्याचा चुरा होतो; सतराव्या शतकात लंडनच्या रॉयल सोसायटीत हा चमत्कार मोठ्या कुतूहलाने पाहिला गेला.

तळेगावच्या भट्टीमागून, १९१६ साली, औंध संस्थानात कऱ्हाडनजीक ओगल्यांचा कारखाना निघाला व पुढे प्रभाकर कंदील घरोघर गेला. काचेतील प्रत्येक सिलिकॉनभोवती ऑक्सिजनचे चार कण नेमाने असतात, पण दूरवर त्या मांडणीची पुनरावृत्ती नसते, हे झाकारियासेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने मांडले ते १९३२ साली; तोवर या कंदिलांच्या काचा कित्येक पावसाळे ओसरीवर जळून, राखेने पुसल्या जाऊन, पुन्हा खुंटीला लागल्या होत्या.