आवाज आधी की भाषा?

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिर मुलांच्या शिक्षणावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी जमले होते. त्यांतला कर्णबधिर माणूस एकच: वॉशिंग्टनच्या एका शाळेचे मुख्याध्यापक जेम्स डेनिसन. या परिषदेनं ठरवलं की कर्णबधिर मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवायचं. खुणांनी बोलायला लागलं की मुलाचं उच्चारांकडे आणि ओठ वाचण्याकडे दुर्लक्ष होतं, असं कारण दिलं गेलं. विरोधात मत देणारे मूठभर होते आणि त्यांत बहुतेक अमेरिकन. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

त्यानंतर युरोपातल्या शाळांतून कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, कारण ते ‘बोलून’ शिकवू शकत नव्हते. वर्गात हात हलवला की पट्टी बसायची. काही शाळांत मुलांना हातांवर बसवून ठेवत. जवळजवळ शंभर वर्षं हे असंच चाललं.

आता आजचं बघा. सांगली असो की नांदेड, वर्षाच्या बाळाचा बेरा तपासणीचा रिपोर्ट हातात येतो. दोन्ही कानांना ऐकू येत नाही. डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल सांगतात. घरी परतल्यावर किंवा तिथेच कुणीतरी एक सल्ला देतं, ‘याच्याशी खुणांनी बोलू नका हं, सवय लागली तर बोलायचा आळस करेल.’ सल्ला देणाऱ्याला मुलाबद्दल कळकळ असते. फक्त हे वाक्य किती जुनं आहे ते त्याला माहीत नसतं.

ते मिलानच्याही आधीचं आहे. साधारण १७६० च्या सुमाराला पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे नावाच्या पाद्र्यानं कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. ही मुलं एकमेकांशी हातांनी बोलतात हे त्यांनी पाहिलं, त्या खुणा स्वतः शिकले आणि त्यांत स्वतःची भर घालून त्यांवरच शिक्षण उभं केलं. १७७८ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सॅम्युएल हायनिके यांनी दुसरी शाळा सुरू केली. त्यांचं म्हणणं होतं की विचार करायला उच्चार लागतोच, त्यामुळे मुलाला आधी बोलायला शिकवा. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहून वाद घातला. तो वाद आजही मिटलेला नाही.

पॅरिसची पद्धत अमेरिकेत गेली ती एका शेजाऱ्याच्या मुलीमुळे. थॉमस गॅलॉडेट या तरुण पाद्र्याला अ‍ॅलिस कॉग्सवेल नावाच्या कर्णबधिर मुलीला शिकवायचं होतं. ते पद्धत शिकायला ब्रिटनमध्ये गेले, पण तिथे बोलायला शिकवणारं ब्रेडवुड घराणं आपलं तंत्र गुप्त ठेवत असे. मग ते पॅरिसला गेले आणि तिथून लोराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकालाच सोबत घेऊन आले. १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी घरून आणलेल्या खुणा मिसळून आजची अमेरिकन सांकेतिक भाषा घडत गेली.

घरून खुणा आणणाऱ्यांत मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरची मुलंही होती. तिथे आनुवंशिक बहिरेपणाचं प्रमाण फार होतं. चिलमार्क या गावात तर एकोणिसाव्या शतकात दर २५ माणसांमागे एक जण कर्णबधिर होता. पण बेटावर ही कुणाला अडचण वाटत नसे, कारण ऐकू येणाऱ्या लोकांनाही खुणांची भाषा यायची. कोळी लांबच्या होड्यांमधून एकमेकांशी हातांनी बोलायचे. नोरा ग्रोस या अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करून यावर पुस्तक लिहिलं.

याच बेटावरच्या बहिरेपणाचा अभ्यास अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीही केला होता. टेलिफोनवाले बेल आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्यांची आई कर्णबधिर होती, बायको कर्णबधिर होती आणि ते स्वतः कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते, हे मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येतं. १८८३ मध्ये त्यांनी एक निबंध मांडला. कर्णबधिर माणसं आपापसांत लग्नं करत राहिली तर माणसांचा एक बहिरा वाणच तयार होईल, अशी भीती त्यात होती. उपाय म्हणून त्यांनी निवासी शाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक या तिन्हींवर बोट ठेवलं. घरात दोन कर्णबधिर स्त्रिया असलेला, त्यांच्यावर जीव असलेला माणूस असं लिहीत होता. प्रेम होतं म्हणून चूक टळली, असं या इतिहासात फारसं घडलेलं नाही.

मिलानचं वारं भारतात यायला वेळ लागला नाही. १८८५ मध्ये मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली, १८९३ मध्ये कलकत्त्यात. पुढच्या काळात देशभरातल्या बहुतेक शाळांचा भर बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावर राहिला. पाटी मात्र ‘मूकबधिर विद्यालय’ अशी असायची. ऐकू न येणारा तो मुकाच, हे त्या एका शब्दात गृहीत धरलेलं होतं. अलीकडे ‘कर्णबधिर’ हा शब्द रुळला आणि त्यातला ‘मूक’ गळला.

वर्गात बंदी असली तरी मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात मुलं हातांनी बोलतच राहिली. भारतीय सांकेतिक भाषा टिकली ती तिथे, मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे जात. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, पुढे उल्रिके झेशान यांनी तिचं व्याकरण मांडलं. ही हिंदी किंवा मराठीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिचे स्वतःचे नियम आहेत, उदाहरणार्थ प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. आणि ती पुरती इथल्या मातीतली आहे: बाई म्हणायचं तर नाकाला बोट लावतात, चमकी असते तिथे, आणि पुरुष म्हणायचं तर मिशीवरून बोटं फिरवतात.

खुणांची भाषा ही खरीखुरी भाषा आहे, हे भाषाशास्त्रात मांडलं गेलं ते १९६० मध्ये. विल्यम स्टोको हे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवत. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल या घटकांपासून खुणा बनतात, जसे ध्वनींपासून शब्द बनतात, हे त्यांनी दाखवलं. सुरुवातीला सहकाऱ्यांनीच त्यांची टिंगल केली.

त्याच काळात दुसरीकडे कानाच्या आत काम चाललं होतं. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका रुग्णाच्या श्रवणाच्या नसेला थेट विजेचे ठोके दिले आणि त्याला आवाजाची जाणीव झाली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी माणसांवर इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. १९७७ मध्ये व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या जोडप्यानं अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बनवलं. १९७८ मध्ये मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी आपलं अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं. क्लार्क यांच्या वडिलांना नीट ऐकू येत नसे. कानातल्या शंखाकृती भागात तार आतपर्यंत कशी सरकवायची, हे कोडं त्यांना समुद्रकिनाऱ्यावर सुटलं. शंखात गवताची पाती घालून बघताना लक्षात आलं की टोकाला लवचीक आणि मुळाशी ताठ असलेली पातीच आत वळत जाते.

यंत्राचं काम थोडक्यात असं: कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो आणि त्याचे संकेत बनवतो. डोक्यावर लोहचुंबकानं चिकटलेली चकती ते संकेत कातडीखालच्या भागाकडे पाठवते. तिथून ते कॉक्लिआतल्या इलेक्ट्रोडकडे आणि पुढे नसेकडे जातात. निरोगी कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. क्लार्क यांच्या परंपरेतल्या यंत्रात इलेक्ट्रोड २२. एवढ्यावर मेंदू बोलणं ओळखायला शिकतो, ही थोर गोष्ट आहे. पण त्याला ते शिकावं लागतं.

१९९० मध्ये अमेरिकेत दोन वर्षांवरच्या मुलांसाठी इम्प्लांटला परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं कडक निषेध केला. ऐकू येणाऱ्यांना तो हट्टीपणा वाटला. मिलान ठाऊक असलेल्यांना तसं वाटलं नसतं: कर्णबधिर मुलांचा निर्णय पुन्हा एकदा कर्णबधिरांना न विचारता होत होता. २००० मध्ये संघटनेनं भूमिका मवाळ केली. यंत्र हे अनेक साधनांपैकी एक आहे, निवड आईवडिलांची, पण ती सगळी माहिती घेऊन व्हावी, अशा आशयाची.

भारतात २०१४ पासून केंद्र सरकारच्या योजनेत इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदत मिळू लागली. जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी वयाची अट एक ते पाच वर्षांची. त्यामुळे ज्या घरांत हा विषय स्वप्नातही नव्हता, तिथेही ऑपरेशनं होऊ लागली. यंत्र पहिल्यांदा सुरू करतानाचे व्हिडिओ तुम्हीही मोबाइलवर पाहिले असतील. बाळ दचकतं, मग हसतं, आई रडते. व्हिडिओ तिथे संपतो. त्यापुढची दोन-तीन वर्षं, आठवड्याची थेरपी, घरी रोजचा सराव, पुन्हा पुन्हा करावं लागणारं मॅपिंग, पावसाळ्यात दमट हवेपासून जपायचा प्रोसेसर, वॉरंटी संपल्यावर बहुतेकदा खिशातून होणारा खर्च, हे त्यात नसतं.

त्या दिवशी बाळाला मिळतो तो आवाज. भाषा त्यातून हळूहळू घडवायची असते. अनेक मुलं छान बोलू लागतात, नेहमीच्या शाळेत जातात. काहींना मात्र पुरेसं जमत नाही आणि कुणाला कितपत जमेल हे ऑपरेशनच्या दिवशी खात्रीनं सांगता येत नाही. मेंदू पहिली भाषा सहज उचलतो तो आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत. फक्त बोलणं येईल याची वाट बघत मूल पाच वर्षांचं झालं आणि बोलणं आलं नाही, तर त्याच्याकडे कुठलीच भाषा नसते. मग नुसता संवाद अडत नाही. गोष्ट सांगणं, कारण विचारणं, ‘उद्या’ म्हणजे काय हे कळणं, सगळंच मागे पडतं.

‘खुणांमुळे बोलणं मागे पडतं’ हे खरं आहे का? अभ्यासांत एकमत नाही. २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात कर्णबधिर आईवडिलांच्या, जन्मापासून सांकेतिक भाषा येणाऱ्या इम्प्लांटधारक मुलांचं इंग्रजी ऐकू येणाऱ्या मुलांच्या तोडीचं होतं. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात खुणा न वापरणाऱ्या घरांतली मुलं बोलण्यात पुढे दिसली. त्यावर आक्षेप आला की त्या घरांत पूर्ण भाषा होती की तुटक खुणा, हे नीट तपासलं नव्हतं. फरक तिथेच असू शकतो. कारण नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी येतात आणि त्या आईवडिलांना ही भाषा शून्यापासून शिकावी लागते. तिशीत, नोकरी आणि थेरपी सांभाळून, शहरापासून दूर राहून हे शिकणं सोपं नाही.

तरी आता एक सोय आहे जी वीस वर्षांपूर्वी नव्हती. दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले आणि ते व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात. आजी भाजी निवडता निवडता रोज चार शब्द शिकू शकते. पण कोशातून शब्द मिळतात, वाक्यं माणसांकडून. त्यासाठी गावातली, तालुक्यातली मोठी कर्णबधिर माणसं शोधावी लागतात. त्यांच्याकडे बघून मुलालाही कळतं की आपल्यासारखी माणसं मोठी होतात, लग्न करतात, दुकान चालवतात.

शिवाय यंत्र आंघोळीला काढावं लागतं, झोपताना काढावं लागतं, बॅटरी कधीही संपते. तेवढा वेळ मूल पुन्हा पूर्ण कर्णबधिर असतं. रात्री ताप आलेल्या मुलाला कुठे दुखतंय ते विचारायचं असेल, तर हात लागतातच.

२०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्याच मालिकेतल्या परिषदेनं मिलानचे ठराव फेटाळले आणि त्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मधे १३० वर्षं गेली होती. ज्यांच्या हातांवर पट्ट्या बसल्या ती मुलं तोवर मोठी होऊन, म्हातारी होऊन गेली होती.

इम्प्लांट करायचं की नाही, हे प्रत्येक घर आपलं आपण ठरवेल. ऑपरेशनच्या तारखेची वाट बघताना, थेरपीच्या रांगेत बसलेलं असताना आईवडिलांनी एक प्रश्न मात्र जरूर विचारावा, डॉक्टरांना आणि स्वतःलाही: या महिन्यात माझं मूल कुठली भाषा शिकतंय?