फटफटीचा सांगाडा आणि परके इंजिन

यंत्रांच्या इतिहासात इंजिनाच्या शोधाची जेवढी चर्चा होते, तेवढी त्याच्या स्थलांतराची होत नाही. मोटारीचे इंजिन मोटरसायकलच्या सांगाड्यात बसविणे हा हौशी मंडळींचा छंद समजला जातो. कारणे तपासली असता हा समज अपुरा ठरतो.

मूळ अडचण दिशेची आहे. जुन्या मोटारींत इंजिन बहुधा गाडीच्या लांबीला धरून बसविलेले असे. मोटरसायकलच्या साखळीला मात्र आडवा दंड लागतो. १९६६ साली पश्चिम जर्मनीत फ्रीडेल म्युंख याने ‘मामुट’ ही मोटरसायकल बांधली, तेव्हा त्याने ‘एन्‌एस्‌यू’ मोटारीचे चार सिलिंडरांचे इंजिन निवडले. ते मूळ मोटारीतही आडवेच बसत असे व हवेने थंड होत असे. हा सधनांचा प्रकार होय. ब्राझीलमध्ये मात्र १९७६ पासून मोटरसायकलींच्या आयातीवर निर्बंध आले आणि १९७८ मध्ये फोक्सवागन मोटारीच्या इंजिनावर चालणारी ‘आमाझोनास’ निघाली. गिअरबॉक्सही मोटारीचाच असल्याने या मोटरसायकलला मागे जाण्याचा गिअर होता!

भारतातही प्रेरणा टंचाईचीच. फरक इतकाच की, येथे परके इंजिन मोटारीऐवजी शेतीपंपाकडून आले. १९५५ पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेल्या ‘बुलेट’मध्ये इंजिन व गिअरबॉक्स स्वतंत्र पेट्यांत होते. त्यामुळे पेट्रोलचे इंजिन उतरवून, गिअरबॉक्स तसाच ठेवून, डिझेलचे इंजिन चढविणे गावच्या मिस्त्रीलाही साधत असे. पुढे खुद्द कारखान्यानेच ३२५ घन सेंटिमीटरची डिझेल बुलेट काढली. तिची शक्ती सुमारे साडेसहा अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोल बुलेटच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. परंतु इंधनाचा खर्च थोडा, आणि घेणाऱ्याचे लक्ष त्यावरच असे.

भाषाभ्यासकाला येथे नवल वाटावे ते नावांचे. दिल्लीत महायुद्धोत्तर लष्करी हार्ले-डेव्हिडसनच्या सांगाड्यावर चालणाऱ्या प्रवासी गाड्यांत पुढे डिझेल इंजिने आली, तरी पहिल्या इंजिनाच्या आवाजावरून पडलेले ‘फटफट’ हे नाव राहिले. सौराष्ट्रात बुलेटचा पुढील अर्धा भाग, पंपाचे इंजिन व मागे दोन चाकांची गाडी अशा तीनचाकीला ‘छकडो’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘शकट’च्या कुळातला. मराठीत ‘छकडा’ अद्याप बैलांचाच आहे. गुजरातीत मात्र बैल गेले आणि शब्द इंजिनाला जुंपला गेला. नाव जुन्या आवाजाला किंवा जुन्या कामाला चिकटते, आत बसविलेल्या यंत्राला नव्हे, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येईल.

अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीच्या परिसरात मराठी, गुजराती व भिली या भाषा शेजारी नांदतात. तेथे शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘छकडा’ हा शब्द टिपताना केवळ अर्थ विचारून थांबू नये. त्याला कोण ओढतो, हेही विचारावे. कोशांत ही नोंद आढळत नाही, आणि डिझेल बुलेट तर आता भंगारातही क्वचितच सापडते.